फुकटचा कुत्रा आणि वर एवढ्या चौकशा?

टाकून दिलेली जातिवंत कुत्री ताब्यात घ्यायची, बरी करायची आणि त्यांना नवं घर शोधून द्यायचं, एवढंच काम करणारे छोटे गट ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत. कुणी फक्त लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर बघतं, कुणी हस्की आणि जर्मन शेफर्ड, कुणी पग, शिह त्झू, ल्हासा अशी लहान चणीची कुत्री. गट म्हटलं तरी तो दोन-तीन जणांच्या जिवावर चालतो आणि त्या बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. एखादी शाळेत शिकवते, एखादी बँकेत असते, एखादी ऐरोलीच्या आयटी पार्कमधून रात्री आठला सुटते आणि मग तिचा दुसरा दिवस सुरू होतो. माझ्यासारखे लोक ही कुत्री तात्पुरती घरी ठेवून घेतात, त्यांना फॉस्टर म्हणतात. आमच्या वाट्याला येतं ते सोपं काम. कोणतं कुत्रं घ्यायचं, कोणतं घेता येणार नाही आणि बरं झालेलं कुत्रं कुणाच्या हाती द्यायचं, हे ठरवण्याचं ओझं त्या बायकांवर असतं.

आणि याच ठरवण्यापायी त्यांना सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात. "फुकटचा कुत्रा देताय आणि वर एवढ्या चौकशा?" हे मी फोनवर ऐकलं आहे, दारात ऐकलं आहे, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना मनापासून वाटतं की आपण एका बेवारस जिवाला आसरा द्यायला निघालोय, तर समोरच्या बाईने दोन शब्द आभाराचे बोलावेत. ती मात्र विचारते की दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर करार कधी संपतो, आधी कुत्रा होता का, असेल तर त्याचं काय झालं, गणपतीला गावी जाता तेव्हा त्याला कुठे ठेवणार, घरातल्या प्रत्येकाला तो हवाय का. वर कुणीतरी घर बघायलाही येतं. गॅलरीला ग्रिल आहे का, हे सुद्धा बघितलं जातं.

या चौकशा एकही कमी करू नये, असं माझं मत आहे. खरं दुखणं हे की त्या फार उशिरा होतात. कुत्र्याची पैदास करणाऱ्यापासून ते कुत्रं रस्त्यावर येईपर्यंत पैसे घेणारे, पैसे देणारे, मधले दलाल, कितीतरी माणसं येतात. त्यातल्या एकानेही दुसऱ्याला काही विचारलेलं नसतं. माणसाला पहिला प्रश्न विचारणारी व्यक्ती ही बिनपगारी काम करणारी स्वयंसेविका असते, आणि तोवर कुत्र्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं.

पिल्लू विकत घेणं किती सोपं आहे ते बघा. मोबाइलवर फोटो येतो, आगाऊ रक्कम जाते, ठरलेल्या दिवशी कुणीतरी स्टेशनबाहेर किंवा हायवेच्या कडेला पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू आणून देतं. आई कुठे आहे, कशी आहे, हे बघायला मिळत नाही. कोणी मागतही नाही. पिल्लू दीड महिन्याचं की दोन महिन्यांचं, हे विकणारा सांगेल तेच खरं. हस्कीसाठी पंचवीस-तीस हजार मोजणाऱ्या माणसाला तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे, उन्हाळ्यात दिवसभर एसी लावायची तयारी आहे का, असं विचारणारं कुणी नसतं. विचारलं तर तो दुसरीकडे जाईल, ही विकणाऱ्याची भीती.

यासाठी कायदा नाही असंही नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं काढायची नाहीत, कुत्र्याच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची चिप बसवायची, कुणाला काय विकलं त्याची नोंद ठेवायची. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. कागदावर एवढं सगळं असताना, तुमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी पिल्लू विकत घेतलं त्यांना विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारून बघा. बहुतेकांना असा काही क्रमांक असतो हेच माहीत नसतं.

दुसऱ्या टोकाला तर याहून मोठी पोकळी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला, आणि पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा त्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांना १९६० साली किंमत होती. आज तीन हात नाक्यावर गाडी तासभर उभी करायलाही कदाचित तेवढे लागतील. दंड वाढवण्याचा मसुदा २०२२ मध्ये केंद्राने लोकांपुढे ठेवला होता, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे विकताना विचारणारं कुणी नाही आणि सोडून देताना अडवणारं कुणी नाही. या दोन टोकांच्या मध्ये रात्री अकरा वाजता एका बाईचा फोन वाजतो.

तो फोन कसा असतो, हे ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांना सांगायला हवं. घर बदलतोय. बाळ होणार आहे. मुलाला अॅलर्जी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. बाबांची बदली झाली. सोसायटीत तक्रारी आहेत. यातली काही कारणं खरी असतात, आणि ती खरी असतात तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज फुटलेला असतो. तो माणूस कुत्र्याची फाइल, लसीकरणाचं पुस्तक, त्याच्या आवडीचं पांघरूण सगळं तयार ठेवून बोलत असतो. त्याला मदत करायची असते, आणि गट ती करतातच. पण बऱ्याच फोनवर शेवटचं वाक्य असं येतं: "ताई, उद्यापर्यंत नेलं नाहीत तर आम्ही सोडून देऊ." ज्या घरात तो जीव सहा वर्षं वाढला, त्या घराने त्याला ओलीस धरलेलं असतं. आणि खंडणी मागितली जाते ती ज्या बाईचा त्या कुत्र्याशी काडीचा संबंध नाही तिच्याकडून.

गट चालवणारीच्या कसोटीचा क्षण हा असतो. "हो" म्हणाली तर बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री ठेवतात तिथे, आणखी एक पिंजरा आणि दिवसाचं आणखी एक भाडं. फॉस्टरच्या घरी न्यावं, तर आधी काही दिवस वेगळं ठेवावं लागतं, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि एक आजारी कुत्रं आलं की लस पूर्ण न झालेली पिल्लं धोक्यात येतात. "नाही" म्हणाली तर ते कुत्रं खरंच येऊरच्या रस्त्याला, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला किंवा खारघरच्या डोंगरपायथ्याला सोडलं जाऊ शकतं. येऊरला बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. मी पाहिलेल्या चांगल्या स्वयंसेविका अशा वेळी तिसरी वाट काढतात. कुत्रं घरातच ठेवा, आम्ही फोटो काढून माणसं शोधतो, खर्चात वाटा उचलतो, तीन आठवडे द्या. आणि समोरचा तेही मानत नसेल, तर त्या कायद्याचं कलम सांगतात आणि फोन ठेवतात. त्या ठेवलेल्या फोनसाठी त्यांना निर्दय म्हटलं जातं.

सोडून दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर त्याची हकिगत लिहिलेली असते आणि ती वाचणं हे या कामातलं खरं कौशल्य. आचळं ओघळलेली, पोटाची कातडी सैल, दात झिजलेले आणि नखं वाढून वळलेली लॅब मादी सापडली, की समजायचं ही पिंजऱ्यात राहून वर्षानुवर्षं पिल्लं देत आली आणि आता तिच्याकडून काही मिळत नाही म्हणून बाहेर काढली. अशा मादीच्या गर्भाशयात पू झालेला असणं नेहमीचं. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर ती मरते. पगचं तोंड चपटं, त्यामुळे श्वासाची वाट मुळातच अरुंद. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून तो घराघरांत लाडका झाला आणि त्या लाडाची किंमत त्या जातीची कुत्री अजून धापा टाकत मोजतायत. जर्मन शेफर्डच्या खुब्याचे सांधे निखळतात, आणि पैदास करताना आईबापांचे एक्स-रे कुणी काढलेले नसतात. हस्कीची गोष्ट तर वेगळीच. दुहेरी केसांचा, सायबेरियाच्या थंडीसाठी घडलेला हा प्राणी आपण आणला खाडीकाठच्या शहरात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवाटे उष्णता बाहेर टाकतो, आणि हवा दमट असली की तेवढंही नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईच्या विसाव्या मजल्यावर, काचेची तावदानं लावलेल्या गॅलरीत बांधलेला हस्की दिवसभर रडतो, शेजारी तक्रार करतात, आणि मग "भुंकतो फार" या कारणाखाली त्याचा फोन येतो.

गोचिडांमुळे होणारा ताप तर जवळपास प्रत्येक सापडलेल्या कुत्र्याच्या वाट्याला येतो. रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, कधी रक्त चढवावं लागतं. मग अंगापिंडाने भरलेल्या, निरोगी कुत्र्यांची यादी काढून त्यांच्या मालकांना रात्री उठवायचं आणि रक्तासाठी बोलावायचं, हेही याच बायकांनी बसवलेलं आहे. मध्यरात्री नेरुळहून ठाण्याला आपला लॅब गाडीत घालून आणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर दुसरा लेख लागेल.

आता एक आक्षेप असा की भटक्या कुत्र्यांची इतकी आबाळ असताना ही मंडळी फक्त जातिवंतांच्या मागे का? यात उच्चभ्रूपणा आहे का? प्रश्न रास्त आहे. पण भटक्या कुत्र्यासाठी, कसा का होईना, एक मार्ग आखलेला आहे. २०२३ च्या जन्मनियंत्रण नियमांनुसार त्याला पकडून, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याच्याच भागात परत सोडायचं. त्याला हद्द असते, टोळी असते, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची ओळख असते. सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्याला यातलं काहीच नसतं. नियम सांगतात की पाळीव कुत्र्याची नसबंदी, लस, औषधं ही मालकाची जबाबदारी, पण मालकच पळून गेला तर पुढे काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, तर त्या भागातली कुत्री त्याला फाडतात, कारण ते परकं आहे. त्याला कचऱ्यातून अन्न शोधता येत नाही, गाड्यांचा अंदाज येत नाही. आणि नसबंदी न झालेलं असेल तर त्याच्यापासून रस्त्यावरची पुढची पिढी जन्मते, म्हणजे भटक्यांच्या प्रश्नातही भर. हे काम करणाऱ्यांना एका जातीचं ज्ञान लागतं, ओळखी लागतात, त्या जातीची आवड असलेली घरं लागतात. डोळ्यांचा डॉक्टर हाडांचं का बघत नाही म्हणून त्याला आपण दोष देत नाही. शिवाय मला माहीत असलेल्या या बायकांपैकी एकही अशी नाही, जी आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालत नाही.

भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीसंबंधीचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश आणि त्यात २२ ऑगस्टला झालेला बदल, यांवरून देशभर किती वाद पेटला ते आठवा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. कुत्र्यांना खायला घालणारे विरुद्ध कुत्र्यांना घाबरणारे, असे दोन तट पडले. त्या सगळ्या गदारोळात कुत्री विकणाऱ्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. त्याआधी २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा असं राज्यांना कळवलं होतं. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक टिकू दिलं नाही, कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकून घेतलेलं नव्हतं. जातींची नावं लिहिणं सोपं असतं. विकणाऱ्यांची नावं लिहून काढणं आणि त्यांच्या दारात जाणं अवघड, ते झालं नाही.

चौकशांची बाजू मी घेते आहे, पण प्रत्येक चौकशी शहाणपणाची असते असं नाही, आणि या गटांबद्दल प्रेम असल्यामुळेच हे स्पष्ट बोलायला हवं. भाड्याचं घर म्हटलं की अर्ज बाजूला. वन रूम किचन म्हटलं की अर्ज बाजूला. लग्न न झालेला मुलगा म्हटलं की बाजूला. हे मी पाहिलं आहे आणि ते चूक आहे. घोडबंदरच्या उंच इमारतीतल्या तीन बेडरूमच्या घरात सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत कुत्रं एकटं असतं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या दोन खोल्यांत आजी घरी, नातवंडं दुपारी शाळेतून परत, दार दिवसभर उघडं. म्हाताऱ्या लॅबला यातलं कुठलं घर मानवेल? जागेचे चौरस फूट मोजण्यापेक्षा घरात माणूस किती वेळ असतो ते मोजावं. भाडेकरूला नकार देण्यापेक्षा करार संपल्यावर काय करणार ते विचारावं, आणि घरमालकाची चिठ्ठी मागावी. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलं आहे. भाडेकरूला ते पत्रक हातात द्यावं.

मात्र नसबंदीच्या अटीवर तसूभरही सूट नको. "आम्हाला मादीच हवी, एकदा तरी पिल्लं होऊ देत, तिला आईपण मिळू दे" असं म्हणणारे फोन येतात, आणि त्यातल्या काहींना ते खरंच वाटत असतं. तिला आईपण किती मिळालं ते तिच्या पोटावरून दिसतं. नसबंदी झाल्याशिवाय कुत्रं दाराबाहेर पडायचं नाही, या एका नियमामुळे हे गट व्यापाऱ्यांच्या हातातलं खेळणं होण्यापासून वाचले आहेत.

आणि जो इतरांना प्रश्न विचारतो त्याने स्वतःला विचारलेल्या प्रश्नांनाही उत्तरं दिली पाहिजेत. इथे गट चालवणाऱ्यांचा मला राग येतो, अगदी जवळच्या मैत्रिणींचाही. जखमी कुत्र्याचा फोटो, खाली कुणाच्या तरी स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड, आणि महिन्याअखेर हिशेब कुठेच नाही. पैसे खाल्ले जातात असं मी म्हणत नाही. उलट बहुतेक जणी पदरचेच घालतात, घरच्यांपासून लपवून घालतात, दागिना मोडूनही घालतात. पण हिशेब नसला की प्रामाणिक बाई आणि ठग यांच्यात देणाऱ्याला फरक करता येत नाही, आणि एका ठगाची बातमी आली की सगळ्यांची मदत आटते. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करता येते. मग दरवर्षी लेखापरीक्षण होतं आणि पैसे एका माणसाच्या नावावर राहत नाहीत. कागदपत्रांचा ताप आहे, मान्य. पण तोवर निदान एवढं करता येतं की देणगी थेट दवाखान्याच्या खात्यावर जावी आणि बिलाचा फोटो सगळ्यांना दिसावा.

हिशेब फक्त पैशांचा नाही. किती कुत्री घेतली, किती दिली, किती परत आली, किती मेली, हेही सांगायला हवं. सगळ्यात अवघड नोंद चावण्याची. एखादं कुत्रं पूर्वी चावलेलं असतं, हे माहीत असूनही "थोडा वेळ लागतो त्याला" अशा मऊ शब्दांत ते लहान मुलं असलेल्या घरात दिलं गेलं, तर तो त्या घराचा विश्वासघात आहे आणि त्या कुत्र्याचाही. कारण पुढच्या वेळी ते चावेल तेव्हा त्याला कोणतंच घर मिळणार नाही. कुत्रं कशाने चावलं, ताटलीजवळ गेल्यावर, झोपेतून उठवल्यावर, अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवल्यावर, हे सगळं लिहून, वाचून दाखवून, सही घेऊन मगच द्यावं. आणि काही मोजकी कुत्री अशी असतात की त्यांच्यासाठी सुरक्षित घर खरोखरच नसतं, किंवा त्यांच्या वेदना थांबवता येत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना इंजेक्शनने कायमचं झोपवण्याचा निर्णय घेणारी स्वयंसेविका त्यानंतर कित्येक दिवस जेवत नाही. तिला एकटीला तो निर्णय घ्यायला लावणं क्रूर आहे. दोन डॉक्टर आणि गटातले तिघं यांनी मिळून तो घ्यावा आणि लिहून ठेवावा.

एकटेपणाबद्दल आणखी थोडं. हे गट उभे राहतात एका व्यक्तीच्या तळमळीवर आणि ती थकली की बसतात. तिची आई आजारी पडते, तिची बदली होते, किंवा एक दिवस तिला फोन उचलवतच नाही. मग बोर्डिंगमधल्या कुत्र्यांचं बिल थकतं, करारपत्रं तिच्या फोनमध्ये, दत्तक घेणाऱ्यांची यादी तिच्या डोक्यात. "कुत्रा ठेवणं जमलं नाही तर आमच्याकडेच परत आणा" असं ज्या गटाने वचन दिलं तो गटच उरत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणी फोन घेतला, नोंदी एका सामायिक वहीत ठेवल्या आणि नेतृत्व दर दोन वर्षांनी बदललं, तर यातलं बरंच टळेल. बदलायला तयार नसलेल्या काही जणी आहेत. आपल्याशिवाय हे चालणार नाही असं त्यांना वाटतं, आणि इतकी वर्षं ते खरंही होतं. पण कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं असतं, आणि तेवढा काळ टिकेल अशी घडी बसवणं हा त्यांच्याच कामाचा भाग आहे.

तरीही गटांनी कितीही सुधारणा केल्या, तरी प्रश्न विचारण्याचं काम कायम त्यांच्याच गळ्यात राहणार असेल तर उपयोग नाही. ते विक्रीच्या जागी न्यायला हवं. इंग्लंडने ते केलं. वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून सुटलेल्या लुसी नावाच्या स्पॅनियल मादीच्या नावाने तिथे ओळखला जाणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दुकानदाराकडून विकत घेता येत नाही. एक तर थेट पैदास करणाऱ्याकडे जायचं, पिल्लू आईसोबत बघायचं आणि घ्यायचं, नाही तर बचाव केंद्रातून दत्तक घ्यायचं. चिप तर तिथे २०१६ पासूनच सक्तीची आहे. तिथलं सगळं जसंच्या तसं इथे लागू होईल असं मला वाटत नाही. पण आईला बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही, ही अट घालून घ्यायला आपल्याला संसदेची वाट बघायची गरज नाही. विकत घेणाऱ्याने ती आजपासून स्वतःवर घालावी.

महापालिकांच्या हातात त्याहून ठोस गोष्ट आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना घ्यावा लागतो. तो घेताना रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी मागाव्यात. कुत्र्याच्या चिपचा क्रमांक, ते ज्याच्याकडून आलं त्याचा २०१७ च्या नियमांखालचा नोंदणी क्रमांक किंवा दत्तक देणाऱ्या गटाचं पत्र, आणि मालकाला सांभाळणं अशक्य झालं तर कुत्रं कोण घेईल त्या माणसाचं नाव आणि सही. नोंदणी क्रमांक नसलेल्या विक्रेत्याचं नाव पालिकेकडे आपोआप जमा होत जाईल. सापडलेल्या कुत्र्याची चिप वाचली की मालक कोण हे पालिकेच्या यादीत दिसेल आणि "सोडून देऊ" या धमकीतला जोर निघून जाईल. ज्याचं कुत्रं सापडलं त्याच्याकडून उपचाराचा आणि बोर्डिंगचा खर्च वसूल करून तो सांभाळणाऱ्या गटाला मिळावा. आणि परवान्याचं शुल्क दत्तक घेतलेल्या, नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी नाममात्र, तर विकत घेतलेल्या आणि नसबंदी न झालेल्यासाठी भरपूर ठेवावं.

ठाण्यातले आणि नवी मुंबईतले गट आज एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. लॅबवाले हस्कीवाल्यांना ओळखत नाहीत, आणि जुन्या भांडणांमुळे काही जणी एका खोलीत बसायला तयार नाहीत. या एका मागणीसाठी त्यांनी बसावं. दोन्ही पालिकांच्या पशुवैद्यकीय विभागांना एकच निवेदन द्यावं, आणि ज्यांच्या घरी या गटांकडून आलेलं कुत्रं आहे, ज्यांनी तेव्हा त्या सगळ्या चौकशांची उत्तरं दिली, त्यांच्या सह्या त्यावर पहिल्या असाव्यात.